नव्या पेनल्टीत हे हललेच नाहीत

वेस्ट मांबलम, मद्रास
रविवार, सप्टेंबर १९६४

आज हे हलले का नाहीत? माझे यजमान, ऑफिसच्या हॉकी संघाचे गोलकीपर, नुसते उभे राहिले आणि चेंडू डाव्या हाताजवळून आत गेला.

नवा नियम आलाय. पूर्वी पेनल्टीला दोघे समोरासमोर काठ्या आपटून बुली करायचे, तेव्हा लोक सुंडल, म्हणजे उकडलेले हरभरे, खात गप्पा मारत. आता एकटा मारणारा, एकटा गोलकीपर. घरी निघालेलेसुद्धा परत येऊन दोरीला चिकटले. आणि गोल होताच तेच लोक ओरडले, "विकला गेलास रे!"

मलाही तसंच वाटलं, खोटं का लिहू? समोरच्या संघाचा कॅप्टन परवाच आमच्याकडे कॉफीला आला होता. इतकं हळू काय बोलत होते दोघं?

घरी आल्यावर विचारलंच.

"चेंडू मारेपर्यंत पाय हलवायचे नाहीत, तसा नियमच आहे."

"आणि मारल्यावर?"

हे बुटाच्या नाड्या सोडायला लागले. मग मी कॅप्टनचं नाव काढलं, तेव्हा खाली बसले.

"जॉर्ज टाउनमधल्या डोळ्यांच्या डॉक्टरचा पत्ता द्यायला आला होता तो. डाव्या डोळ्यानं दिसत नाही गं नीट, सहा महिने झाले. गोलासमोर आपल्या गड्यांची गर्दी असली की निभावून जायचं. आज सगळे बाजूला झाले."

उद्या मी सोबत जाणार, नको म्हणाले तरी.

सहा महिने! म्हणजे जेवताना मला त्यांच्या उजवीकडे बसायला सांगत होते, ते पंख्याच्या वाऱ्यासाठी नव्हतं तर.