कमळपक्ष्याच्या मागचा ओंडका

३ ऑगस्ट, रविवार

मिळाला! कमळपक्ष्याचा बाप — आणि पंखाखालून लोंबणारे दोन पिलांचे पाय. बापालाच सहा पाय फुटल्यासारखे दिसतात. ही काठावर चिखलात पालथी, कोपरं रुतलेली, कॅमेरा पाण्याला टेकेल इतका खाली. पक्ष्याच्या डोळ्याला डोळा भिडला पाहिजे, म्हणते. मी वर बांधावर, घडीची खुर्ची आणि थर्मास घेऊन. वाटणी ठरलेली आहे. फोटो हिचे, चहा माझा. घरी कॉम्प्युटरवर निवडणं, कापणं, उजळणं तेही माझंच. जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासली. चुका वेचायची खोड आता माझ्याबरोबरच जाईल.

धुकं काय सुंदर होतं! चौथीतली ती कविता आठवली, धुक्याची शाल घेऊन निजलेल्या तळ्याची. गुरुजी पट्टीने ठेका धरायचे, आम्ही डुलायचो. मोठ्यांदा म्हणून टाकली. हिने मागे न बघताच हात हलवला — गप्प बसा.

४ ऑगस्ट

दुपारी फोटो मोठे करून बघत होतो. पक्ष्याच्या मागे पाण्यात ओंडका. उगीच नजर तिकडे जाते, म्हणून पुसायला घेतला. आणि थांबलो.

पहिल्या फोटोत ओंडका पांढऱ्या कमळाच्या डावीकडे आहे. पुढच्या काही फोटोंत कमळाच्या मागे. शेवटच्यांत उजवीकडे, आणि मोठा. वारा नव्हता. एक पान हललेलं नाही.

आणखी मोठं केलं. ओंडक्याला डोळा आहे.

मगर! आपल्या तळ्यात! पुरात वरच्या नदीतून आली असेल. ही आतून विचारत होती, कसे आलेत? म्हणालो, छान.

५ ऑगस्ट

जुने फोटो काढून बसलो. जुलैतल्या प्रत्येक रविवारी आहे. एकदा तर शेवाळाचा पुंजका समजून मीच पुसली होती! दर खेपेला थोडी जवळ. हे जनावर म्हणे आपली सवय पाठ करतं. आणि आमची सवय घड्याळासारखी — तोच काठ, तीच वेळ, तीच चटई.

आज जेवताना सांगायचंच.

नाही सांगितलं. जेवतानाच लेकीचा फोन. रोजचंच — आई, या वयात चिखलात लोळणं पुरे झालं, दोघं इकडे राहायला या. हिने फोन माझ्या हातात दिला आणि मला डोळा मारला. नंतर ताटं उचलताना म्हणाली, "रविवार आहे तोवर मी कुठे हलत नाही."

मगरीचं सांगितलं की रविवार संपला. मग उरलो आम्ही दोघं, मध्ये गोळ्यांची डबी, आणि भिंतीवर घड्याळ. सांगेन. जरा रीत शोधून सांगेन.

६ ऑगस्ट

फोटो कापून दिले. फक्त पक्षी, पान आणि पिलांचे पाय. ही नाराज. पाणीच ठेवलं नाहीत, म्हणाली, पक्षी काय ताटलीत उभा आहे? म्हणालो, मागे कचरा होता.

आयुष्यात इतक्या सफाईने चूक कधी दडवली नव्हती.

१० ऑगस्ट, रविवार

सकाळी गुडघ्याचं निमित्त काढलं. तुम्हाला खुर्चीतच बसायचंय, म्हणाली, गुडघा काय कविता म्हणणार आहे? गेलो.

खुर्ची बांधावरून खाली आणली, हिच्या पायांशी. हातात जाड काठी. सापांसाठी, म्हटलं. काठी आपटू नका, पक्षी उडतात, म्हणाली.

पलीकडच्या लव्हाळ्याशी होती ती. मी पापणी लवू दिली नाही, तिनेही नाही. एक कविता आठवेना. तळं निजलेलं नव्हतं. कधीच निजत नसणार. गुरुजींनी आम्हाला काहीही शिकवलं.

११ ऑगस्ट

हिचे बूट धुतले. बादलीत हात घालण्याआधी तळ बघून घेतला.

१४ ऑगस्ट

पिलं भराभर वाढताहेत, म्हणाली. अजून एखाददुसरा रविवार, मग बापाच्या पंखाखाली मावणार नाहीत. तो एक फोटो मिळाला, अगदी समोरून, की झालं.

मी मनात म्हटलं, एखाददुसराच ना? निभेल.

बायकोच्या जिवाचा असा हिशेब करणारा हा म्हातारा कोण, म्हणून आरशात बघितलं. दाढी वाढली होती.

१७ ऑगस्ट, रविवार

नखांतला चिखल अजून निघाला नाही. तरी लिहितो.

लव्हाळ्याशी ओंडका नव्हता. डावीकडे नाही, उजवीकडे नाही. पाणी लख्ख, पानं जागच्या जागी. दिसत होती तोवर निदान श्वास घेता येत होता. आता तोही नाही. आणि ही पुढे सरकत होती, कोपरांवर, बोटाबोटाने. पक्षी समोर आला होता. पिलं पंखात शिरत होती. हिचं सगळं अंग फोटो झालं होतं.

धावलो. म्हणजे घसरलो. हिचे दोन्ही घोटे धरले आणि बांधापर्यंत ओढत आणलं, पोत्यासारखं. हिने कॅमेरा तेवढा वर उचलून धरला. तोंडात चिखल, आणि त्यातून शिव्या — नर्सच्या नोकरीत वॉर्डात साठवलेल्या, माझ्यासाठी प्रथमच बाहेर काढलेल्या.

पक्षी गेला. पाण्यावर एक बुडबुडा आला नाही. मी वेड्यासारखा काठी धरून उभा.

ही उठून बसली. हनुवटी पुसली. रोगी खोटं बोलतोय का हे ओळखायची हिची एक नजर आहे. तिने बघितलं माझ्याकडे.

"अहो, काय आहे पाण्यात?"

सांगितलं. सगळं — डोळा, लव्हाळं, कापलेले फोटो.

"कधी कळलं तुम्हाला?"

"चार तारखेला."

दहा तारखेचा रविवार आमच्या दोघांच्या मध्ये येऊन बसला.

१८ ऑगस्ट

न कापलेले फोटो मागितले. एकेक मोठा करून बघत होती. मी दारात उभा. भीती होतीच, पण आता मगरीची नव्हती.

एका फोटोपाशी बराच वेळ थांबली. "काय डोळा आहे हो," म्हणाली. मला नाही, पडद्याला.

तेवढ्यात लेकीचा फोन. वाटलं, आता सांगणार, आणि संपलं. म्हणाली, आम्ही मजेत आहोत, तू तुझं बघ.

२० ऑगस्ट

माझ्या हातचा चहा पिते. कप विसळून ठेवते. बोलत नाही.

२३ ऑगस्ट, शनिवार

संध्याकाळी चटई गुंडाळून दाराशी ठेवली. अगं, पुन्हा तिथेच? विचारलं. म्हणाली, उद्या चिखलात तुम्ही. खुर्चीत मी. बघायचं काम आता माझं.

"आणि काही दिसलं तर?"

हिने कॅमेरा माझ्या गळ्यात घातला, पट्टा मापात आवळला.

"बघू. सांगावंसं वाटलं तर सांगेन."