मान न वळवण्याचे बारा दिवस

४ नोव्हेंबर, सोमवार
प्रयोग सुरू. प्रयोगाचा प्राणी: मी. वय सत्तावन्न, तब्येत ठणठणीत, स्वभाव शास्त्रीय. लक्षण: रोज संध्याकाळी पाच पन्नासला दोनदा बेल ऐकू येते. बेल वाजलेली नसते.

ही बायकोची बेल. चष्म्याच्या दुकानातून सुटून ती याच वेळेला घरी पोचायची. किल्ली पर्सच्या तळाशी. ती शोधण्यापेक्षा मला उठवणं तिला सोपं वाटायचं. तिला जाऊन आठ महिने झाले. एवढ्या काळात कुठल्याही मेंदूला समजायला हवं होतं.

उपाय माझ्या हातात आहे. शरीरक्रियाशास्त्राच्या प्रयोगशाळेत बावीस वर्षं टेक्निशियन आहे, म्हणजे अर्धा शास्त्रज्ञच. सध्या प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमचं उंदरांवर हेच संशोधन चाललंय. पिंजऱ्यात यंत्राचा ‘पिंप’ असा आवाज झाला की खाचेत साखरेची गोळी, असं महिनाभर शिकवलं. आता पिंप वाजतं, गोळी नाही. बारा दिवसांत उंदीर खाचेकडे मान वळवायचा थांबतो.

मीही रोज पाच चाळीस ते सहा खुर्चीत बसणार. दाराकडे मान वळली की वहीत एक रेघ. बाराव्या दिवशी शून्य. उंदरांना जमतं, मला न जमायला काय झालं?
आज रेघा ९.

५ नोव्हेंबर
रेघा ११. त्यातल्या चार जिन्यावरच्या चपलांच्या आवाजाला, त्या धरायच्या नाहीत. म्हणजे ७. प्रगती आहे.

६ नोव्हेंबर
आज खरंच बेल वाजली. पाच पन्नासला, दोनदा. धावत जाऊन दार उघडलं तर लेक. हल्ली आठवड्यातून एखाद्या दिवशी याच वेळेला येते, आणि बेल अगदी आईसारखी वाजवते.

चहा झाल्यावर तिला नीट समजावलं. अधूनमधून बक्षीस मिळत राहिलं तर सवय जास्त चिवट होते. तेव्हा माझे बारा दिवस पुरे होईपर्यंत येऊ नकोस. ती म्हणाली, बाबा, मी काय साखरेची गोळी आहे? म्हटलं, शास्त्राच्या भाषेत, हो. ती चहा अर्धा टाकून गेली. शास्त्राची गोडी सगळ्यांनाच नसते.

७ नोव्हेंबर
उंदीर छान विसरताहेत. तीस पिंपांना कुणी आठदा वळतो, कुणी सहादा. फक्त सात नंबर अजून एकवीसवर. चाल रुबाबदार म्हणून मी त्याला भाऊसाहेब म्हणतो. पिंप वाजलं की जातो, रिकामी खाच हुंगतो, आणि मग माझ्याकडे बघतो. उंदीर माणसाकडे बघत नसतो, हे मला बावीस वर्षांपासून माहीत आहे.
माझ्या रेघा १०.

८ नोव्हेंबर, दुपार
भाऊसाहेबांच्या खाचेत एक गोळी पडली. चुकून हात लागला. म्हणजे अगदी चुकून नाही.
यापुढे कानाला खडा.

९ नोव्हेंबर, शनिवार
मॅडमना सहज विचारलं. म्हटलं, माझ्या ओळखीतल्या एकाला न वाजलेली बेल ऐकू येते. त्या म्हणाल्या, मेंदू कानाची वाट बघत बसत नाही, आधीच अंदाज बांधून ठेवतो. जे यायला हवं ते आलं नाही, तर नेमक्या त्या क्षणी काही पेशी जाग्या होतात. न आलेल्याचीही तिथे नोंद होते. मग त्यांनी विचारलं, तो ओळखीचा माणूस नीट जेवतो ना? हुशार बाई, पण काही ओळखलं नाही.

संध्याकाळी बेलमधला सेलच काढून टाकला. मूळच उपटलं प्रश्नाचं. सेल मुठीत धरून बसलो.
पाच पन्नासला बेल वाजली. दोनदा.

१० नोव्हेंबर
सुट्टी, तरी उंदरांचं असतंच. आणखी एक गोळी. शेवटची.

११ नोव्हेंबर
शेवटची. खाच हुंगताना त्याच्या मिशा थरथरतात, आणि वर कोरडं पिंप वाजत राहतं. मी भावनेच्या आहारी जाणारा माणूस नाही. पण कुणाला असं ताटकळत ठेवणं मला बघवत नाही.

हे मी कुठल्या तोंडाने लिहितोय? त्या शेवटच्या संध्याकाळी बेल वाजली तेव्हा मी पेपर वाचत होतो. आतूनच ओरडलो, किल्ली आहे ना तुझ्याकडे, घे उघडून. बराच वेळ ती पर्स उचकत बाहेर उभी होती. आत आली, पिशवीतली भाजी काढून ठेवली. दुसऱ्या दिवशी दुकानात कोसळली, डोक्यात रक्तस्राव. मी पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.
रेघा मोजायच्या राहिल्या.

१२ नोव्हेंबर
बाकीचे उंदीर शून्य ते दोन. भाऊसाहेब सत्तावीस. मॅडमनी यंत्र बिघडलं असेल म्हणून गोळ्यांची नळी स्क्रू न् स्क्रू खोलली. टॉर्च मी धरला होता.
माझ्या रेघा मात्र ४! मेंदू ताळ्यावर येतोय.

१३ नोव्हेंबर
मॅडम खूश. म्हणाल्या, सात नंबर विसरतच नाही, याच्या मेंदूत नक्की काहीतरी वेगळं असणार, शुक्रवारी बघू. बघू म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. काचेवर मेंदूचे पातळ पातळ काप. आजवर शेकडो वेळा त्या काचा मीच धुतल्यात.
रेघ १. जेवण गेलं नाही.

१४ नोव्हेंबर
सकाळी सांगून टाकायचं ठरवलं. दुपारपर्यंत तीन वेळा मॅडमच्या दाराशी जाऊन परत आलो. शेवटी चारला सांगितलं. सात नंबरमध्ये वेगळं काही नाही, गोळ्या मी दिल्या, तीन. मॅडमनी नोंदवही ओढून सात नंबरचं पान उघडलं. सहा महिन्यांच्या कामात मी घाण केली, असं त्या म्हणाल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी फक्त का म्हणून विचारलं. म्हटलं, तो वाट बघत होता.

त्यांनी सात नंबरवर लाल रेघ मारली. आता त्याच्या मेंदूचा कुणाला उपयोग नाही, तो जगेल. मला सोमवारपासून उंदरांच्या खोलीत जायचं नाही, बाटल्या आणि स्टोअर बघायचं. रास्त आहे.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार, सहा वाजता
शून्य! बाराव्या दिवशी, ठरल्याप्रमाणे. बेल ऐकू आली, पण मान तसूभर हलली नाही. उंदरांच्या बाबतीत चुकलो असेन, माणसाच्या बाबतीत पद्धत पक्की आहे. मॅडमना कळवायला हवं.

त्याच दिवशी, साडेसात
सव्वासहाला लेक आली. बेल बंद, म्हणून तिच्याकडच्या किल्लीने दार उघडून. मुदत संपली ना, म्हणाली. आत पाऊल टाकलं आणि तिथेच थबकली, कारण मी समोर बसून थेट तिच्याकडे बघत होतो. शून्य लिहिलेली वही तिला दाखवली. तिने वही घेतली नाही. विचारलं, बाबा, ही खुर्ची खिडकीकडे तोंड करून असायची ना? दाराकडे कधी फिरवलीत?

आठवत नाही. खरंच आठवत नाही. फरशीवर खुर्चीच्या पायांचे ओरखडे आहेत, तीन-चार दिवसांचे तरी असतील. तोंड दाराकडे असल्यावर मान कशाला वळेल?

शून्य खोडलं. त्या जागी काय लिहायचं ते सुचेना. लेकीने हळूच विचारलं, आई येईल असं अजून वाटतं का? म्हटलं, पाच पन्नासला वाटतं. तिलाही वाटतं म्हणाली, म्हणूनच ती त्या वेळेला येते. मग आम्ही दोघंही रडलो.

जाताना तिने खुर्ची परत खिडकीकडे फिरवू का म्हणून विचारलं. राहू दे म्हटलं.