गढूळ पाण्याची बाटली

४ फेब्रुवारी, मंगळवार
तीन तिघाडा काम बिघाडा! टेकडीवरच्या वस्तीला स्वच्छ पाणी द्यायचं. पाइप महापालिकेचे, म्हणजे माझ्या खात्याचे. पंप एका खासगी कंपनीचा. खोदकामाला लोकांना राजी करायचं वस्तीत काम करणाऱ्या संस्थेने. आज तिघांच्या समितीची पहिली बैठक — दोन तास नुसती एकमेकांकडे बोटं. शेवटी संस्थेच्या गृहस्थांनी पिशवीतून बाटली काढून टेबलावर ठेवली. वस्तीतल्या नळाचं पाणी. चहासारखं! "आधी हे बघा, मग भांडा."

१८ फेब्रुवारी
आजही बाटली. पाणी नितळ होईपर्यंत दर मंगळवारी आणणार म्हणे! कंपनीचा इंजिनियर कुरकुरला. मला हसू आलं. बाटलीवाल्या गृहस्थांनी ते पाहिलं — आणि तेही हसले.

११ मार्च
मी मंगळवारची वाट बघते. या वयात! आत्या टपलेलीच — "पाइपांच्या बैठकीला एवढी कडक इस्त्री? पाइप काय तुला बघायला येणारेत?" म्हटलं, गप गं.
बाटलीवाल्यांच्या सदऱ्याचं वरचं बटण आजही तुटलेलंच. लावून देणारं कुणी नसावं.

२५ मार्च
नवी लाइन वस्तीपर्यंत पोचली. बाटलीत तळाशी जरासा गाळ, बाकी पाणी स्वच्छ. सगळे खूश. मी मात्र बाटलीकडे बघत बसले. ती नितळ झाली की यांचं येणं संपलं. कसली इंजिनियर मी! स्वतःच्याच कामाचं यश नको झालंय.

८ एप्रिल
बाटलीतून आरपार दिसतंय. माझी सही झाली की घरोघर नळ सुरू — आणि समिती बरखास्त. "आणखी एक चाचणी घेऊ" एवढंच म्हणायचं होतं. महिना सहज निघाला असता. अगदी जिभेवर आलं होतं! पण त्या बायका अजून एकाच नळावर हंडे घेऊन भांडतायत. केली सही.
त्यांनी बाटलीतलं पाणी सगळ्यांना ग्लासात ओतून दिलं. मग "येतो, मॅडम." बस्स. रिकामी बाटली पिशवीत घालून गेले. घरी येऊन रडले.

१५ एप्रिल, मंगळवार
साडीला इस्त्री केली नाही. आत्याने चहा आयता हातात दिला. करमत नाही.

२२ एप्रिल, मंगळवार
ते आले! बैठक नाही, काही नाही. बाटली टेबलावर ठेवली — गढूळ! पाइप फुटला? मी फोन उचलला, तसे ते खाली बघत पुटपुटले, "नळ ठीक आहे, मॅडम. माती माझ्या कुंडीतली आहे."