कुलपातल्या गोळ्या

डॉक्टर मॅडम,

आईला धरून आणते ना, ती मी. तुमच्यासमोर माझं तोंडच उघडत नाही, म्हणून लिहितेय. शाळा आठवीतच सुटली, चुकलं तर सांभाळून घ्या.

आईच्या कमरेच्या गोळ्या भाऊ खातो. त्याला दुखत काही नाही, नशेसाठी खातो. तुम्ही म्हणाला होता, घरात पोरं आहेत, कुलपात ठेवा. ठेवल्या. मी लाँड्रीत इस्त्री करायला जायचे तेव्हा किल्ली माझ्या गळ्यात असायची. पण दुपारी आई दुखण्यानं रडायची, म्हणून किल्ली तिलाच दिली.

परवा लवकर घरी आले, तर आईनं स्वतःच्या हातानं कुलूप काढलं होतं आणि तिची गोळी भावाच्या हातावर ठेवत होती.

"अगं आई, काय करतेस!"

"ओरडू नकोस. नाही दिली तर बाहेर जाऊन काहीबाही खाईल. इथं निदान डोळ्यांसमोर आहे."

भाऊ हसला. "आलं मोठं पोलीस खातं."

नंतर आई दात आवळून पडून राहिली. काल तिला दवाखान्यात आणलं, तर तुम्हाला वाटलं दुखणं वाढलंय, म्हणून तुम्ही गोळ्या वाढवून दिल्यात. मी शेजारीच होते, मॅडम. आईनं माझं मनगट घट्ट धरलं होतं.

हे पत्र मी देणार नाही. दिलं तर तुम्ही गोळ्या बंद कराल, आणि आईला तर खरंच सोसवत नाही. सोमवारी तिला घेऊन येईन. तुम्ही विचाराल, गोळ्या वेळेवर घेतात ना? मी हो म्हणेन.

तुमच्या पेशंटची मुलगी