पानाखालची कोरी जागा

९ मार्च

प्रिय धाकटे,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळं बरं आहे. तुझ्या वहिनीचा गुडघा आता तिला जिना चढू देतो.

गेल्या सोमवारी सकाळी देवाला हात जोडून मी छापखान्यात गेलो आणि कोणी यायच्या आत खालचा खण उघडला.

तुझं पुस्तक छापून सात महिने झाले. छपाई संपली की शिशाचे अक्षरांचे खिळे सोडवायचे आणि ज्या त्या अक्षराच्या घरात परत टाकायचे, ही आमची रीत. तुझ्या सगळ्या कविता मी त्याच आठवड्यात सोडवल्या होत्या. खणात मात्र दोऱ्याने बांधलेल्या चार ओळी तशाच होत्या.

तुला मी फोनवर म्हणालो होतो, "शेवटच्या चार ओळी पानात मावल्या नाहीत गं." तू म्हणालीस, "बरं, दादा." त्यानंतर तुझं पत्र नाही. त्या पानाखाली चार ओळींची कोरी जागा आहे. ती तुला दिसली नसेल, असं मी स्वतःला सांगत राहिलो.

ग्रीकांच्या पुराणावर कविता केल्यास म्हणून मला आधी गंमत वाटली होती. आपल्या गावच्या शाळेत त्या देवांचं नाव तरी कुणी काढलं होतं का? पण फुलं वेचणारी ती मुलगी, जमीन फाडून तिला नेणारा पाताळाचा राजा, मशाल घेऊन हिंडणारी आई, हे जुळवताना माझा हात भरभर चालला. बापाने त्या राजाला आधीच शब्द दिला होता, हे मला तुझ्या कवितेतूनच कळलं. मग शेवट आला:

जमीन दुभंगली, हे खोटं, आई.
दार आतून उघडलं होतं.
कडी काढणारा हात
मला रोज भरवणारा होता.

सोमवारी तुझी वहिनी डबा घेऊन मागे येऊन उभी राहिली. खिळ्यांवर अक्षरं उलटी असतात, पण चोवीस वर्षं माझ्याशी संसार करून ती उलटं वाचायला शिकली आहे.

"यात तुमचं नाव आहे कुठं?"

"नाही."

"मग काढलंत कशाला? चोराच्या मनात चांदणं." डबा ठेवून ती गेली.

तू शेवटच्या पेपरला गेली होतीस, तेव्हा मी तुला मागणी घालायला आलेल्या पाहुण्यांना होकार दिला. बाबा नव्हते, मोठा मीच होतो. संध्याकाळी तू घरी येणारच होतीस. तू नाही म्हणशील हे मला माहीत होतं, म्हणून मी थांबलो नाही. पुढे सव्वीस वर्षं 'तिचं चांगलंच झालं की' म्हणत आलो. देवापुढेसुद्धा.

तीन दिवस बाकीची कामं बाजूला ठेवली. उरलेल्या दोनशे चाळीस प्रतींत त्याच पानावर त्या चार ओळी शाई लावून एकेक करून हाताने उमटवल्या. एक वेलांटी बदलली नाही. जागेत अगदी नेमक्या बसल्या. बसणारच, जागा मीच तेवढी सोडली होती.

एक प्रत सोबत आहे. बाकीच्या आज सकाळी मी दुकानांत देऊन आलो. आल्यावर दोरा सोडला आणि खिळे ज्या त्या घरात टाकले.

तुझा,
कडी काढणारा
दादा