मंदाबाईची पहिली स्टेज

२ नोव्हेंबर, रविवार
दवाखान्यातून घरी आले, आणि सगळ्यांत आधी कोण टपकली, तर बेबाबाई! दार वाजवायचं माहीतच नाही तिला. म्हणते, मंदे, तू ते मस्त दिखी ऱ्हायनी, लोक काय बी सांगतात. मागून शेजारची कनीज, सहा केळी घेऊन. मी ऐटीत सांगितलं, लघवीच्या पिशवीत कॅन्सरची गाठ होती, दुर्बीण घालून खरवडली, पहिली स्टेज. बेबाबाईच्या नणदेची तिसरी होती. तिचं तोंड एवढंसं झालं. मजा आली.
लाल लघवी चार महिने बिटावर ढकलली, ते कुणाला सांगितलं नाही. बीट मी खात नाही.

५ नोव्हेंबर, पौर्णिमा
बरी झाले म्हणून विहारात खीरदान केलं. पातेलं चाटूनपुसून रिकामं. लोक म्हणाले, मंदाबाई खमकी आहे. खरंच आहे.

७ नोव्हेंबर
डॉक्टर पोरसवदा. म्हणतो, आजी, अजून स्टेज ठरलीच नाही. गाठ अस्तराखाली उतरलेली दिसते, पण तपासायला दिलेल्या तुकड्यात पिशवीचा स्नायूच आला नाही. परत दुर्बीण घालायची. मी म्हटलं, तुमचा तुकडा चुकला, त्यात माझा काय दोष? तो म्हणाला, कमी धरलं तर आजार आत वाढत राहील. जास्त धरलं तर चांगली पिशवी फुकट काढली जाईल. म्हणून नक्की कळायला पाहिजे.
मी म्हटलं, जय भीम, येते.
जाणार नाही. गल्लीने खीर खाल्ली आहे.

९ नोव्हेंबर
धम्मपाल धुळ्याहून आला. पोटचा पोरगा आणि डॉक्टरच्या बाजूने बोलतो. मी जेवले नाही. (पोळ्या दोन खाल्ल्या, पण रागाने.)

११ नोव्हेंबर
सून भरताची वांगी निवडत होती. दीपमाला तशी गरीब, पण आज बोलली. आई, वरून भोक टाचणीएवढं, अळी कुठवर गेली ते चिरल्याशिवाय कळतं का? मी म्हटलं, सासूला वांगं म्हणतेस? ती म्हणाली, वांगं तरी गप चिरू देतं.
हसू आलं. दाखवलं नाही. ते वांगं मीच चिरलं. देठापर्यंत काळं होतं. फेकून दिलं. बाकीची बठ्ठी, सगळीच्या सगळी, चांगली होती, हे इथे लिहून ठेवते.

१२ नोव्हेंबर
मी स्वतः ठरवलं. दुर्बीण घालून घ्यायची. कुणाच्या सांगण्यावरून नाही, डॉक्टरला खोटं पाडायला. वर माफी मागायला लावीन.

१७ नोव्हेंबर
झालं. नर्स म्हणाली, आजी, तुम्ही शूर आहात. सगळ्यांनाच म्हणत असेल, पण मला मनापासून म्हणाली.

२४ नोव्हेंबर
स्नायूत आहे. दुसरी.
डॉक्टर जिंकला, तरी हसला नाही. स्कॅनमध्ये छाती, पोट साफ आहे म्हणाला. म्हणे, पहिली समजून तुम्ही घरी बसला असतात तर वरवरचं औषध देत राहिलो असतो. आता आधी सलाइनमधून औषध, मग पिशवी काढायची. मी म्हटलं, काढा. सत्तरीत ती पिशवी मला रात्री पाच वेळा उठवते, तिचे उपकार नाहीत.
रिक्षात दीपमालाने हात धरला. मी सोडवला नाही. थंडी होती.

२७ नोव्हेंबर, गुरुवार
आज कनीज आधी आली, बेबाबाई मागून. दोघींना म्हटलं, दुसरी निघाली. बेबाबाई म्हणाली, मग खीर कशाची केली वं? मी म्हटलं, आवडते म्हणून. कनीज पदराने डोळे पुसायला लागली. मी ओरडले, रडायचं असेल तर आपल्या घरी रड, इथे चहा प्यायचा. मग तिघी चहा प्यालो. मुलींनो, मी अजून आहे, म्हटलं. माझाच आवाज फुटला. चहा गरम होता.
शनिवारी मला भरती करणार आहेत, ते सांगायचं राहून गेलं. दोघी रविवारी येते म्हणाल्या.