आयुधपूजेच्या दिवशी लॅपटॉपला कुणी हात लावला?

अप्पा,

ऑफिसला निघाले. तुमची पूजा आटोपेपर्यंत थांबले असते तर बेळ्ळंदूरच्या ट्रॅफिकमध्ये अडकले असते. आमटी गॅसवर आहे, स्वल्प गरम करा.

माझा घरचा लॅपटॉप फार रेंगाळायला लागला होता, म्हणून काल चालू करताच आपोआप उघडणाऱ्या प्रोग्राम्सची यादी काढली आणि नको ते बंद केले. त्या यादीतला एक मी टाकलेलाच नाही. तो दर पाच मिनिटांनी माझ्या स्क्रीनचा फोटो कुणाला तरी ईमेल करतो. टाकल्याची तारीख आयुधपूजेची आहे. त्या दिवशी लॅपटॉप हळदकुंकू लावून देवापुढे होता, आणि "आज कुणी हात लावायचा नाही" असं तुम्हीच बजावलं होतं. पासवर्ड तुमच्याशिवाय कुणाला ठाऊक नाही. आईला मी अजून काही बोललेले नाही.

तो प्रोग्राम मी मुद्दाम चालू ठेवलाय. लॅपटॉपही चालू आहे आणि माझ्या खोलीला कुलूप आहे. स्क्रीनवर मोठ्या अक्षरांत तुमच्यासाठी एक प्रश्न लिहिलाय, तो इथे लिहीत नाही.

रात्री जेवताना उत्तर द्या. तुम्हाला प्रश्नच माहीत नसेल, तर मी तुमच्या पाया पडून माफी मागेन.

गौरी